कानावरची बट

मी ड्रायर बोलतोय. पर्समध्ये मावणारा, हातात धरून फुरफुरणारा तो हल्लीचा पोरकट प्रकार नव्हे. मी जुन्या पार्लरमधला उभा ड्रायर. खाली लोखंडी पाय, वर घंटेच्या आकाराचा मोठा टोप आणि टोपाखाली खुर्ची. बाई खुर्चीत बसली की टोप तिच्या डोक्यावर उतरवायचा आणि बटण दाबायचं. मग मी असा काही घोंघावायचो की शेजारी कुणी भांडी आपटली तरी तिला पत्ता लागू नये. डोकं माझं जन्मापासून गरम. बोलायला बसलो की थांबत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

जन्म कारखान्यातला. पत्रा ठोकून टोप झाला, पोटात तार गुंडाळली गेली, पंखा बसला, आणि तपासणाऱ्या माणसानं माझ्याखाली हात धरून "चालेल" म्हटलं. त्याच दिवशी, त्याच पत्र्यातून आणखी एक जण तयार झाला. आम्ही जुळे. एकाच खोक्यातून आम्ही पार्लरमध्ये आलो. मला खिडकीजवळ उभं केलं, त्याला माझ्या शेजारी, आणि दोघांच्या वायरी एकाच बोर्डात खोचल्या. त्यामुळे तो कधी दमला की मला लगेच कळायचं. त्याच्या वाट्याची वीज माझ्या अंगात यायची आणि मी उगाच फुशारून जायचो.

पार्लर ताईंचं. ताई म्हणजे रुंद हाडाच्या, तोंडात कायम दोन-चार पिना धरलेल्या, आणि त्या पिनांमधूनच साऱ्या जगाशी बोलणाऱ्या. दारावर पाटी होती, 'पुरुषांना प्रवेश नाही'. खिडकीच्या काचेला दुधी रंग दिलेला. रस्त्यावरून आतलं काही दिसत नसे, पण आत दिवसाही दिवे जळत, म्हणून बसलेल्या बायकांच्या सावल्या तेवढ्या काचेवर उमटत. मागच्या बाजूला केस धुवायची जागा, आणि तिच्यापलीकडे गल्लीत उघडणारं एक अरुंद दार. त्या दारानं ताई कचरा टाकायला जायच्या.

तो काळ उंच केसांचा होता. आज तुम्ही आजीचे फोटो बघून हसता, पण त्या उंचीमागे केवढी मेहनत असे ते मला विचारा. आधी केस धुवायचे. ओले केस रोलरच्या नळकांड्यांवर गुंडाळायचे. मग माझ्याखाली बसून निमूट भाजून घ्यायचं. रोलर निघाले की ताई उलटा कंगवा मारायच्या, केसांचं चांगलं रान माजवायच्या, मधल्या पोकळीत गुंतवळाचा गोळा कोंबायच्या आणि वरून एक गुळगुळीत थर ओढून घ्यायच्या. शेवटी स्प्रे. तो इतका, की माशी बसली तर तिथेच राहावी. ही इमारत आठवडाभर टिकवायची, म्हणून बायका मानेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन झोपत आणि खाज सुटली की विणायची सुई आत खुपसत. एकीचा नवरा म्हणे विचारत होता, आज वरच्या मजल्यावर कोण राहायला आलंय?

दर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी नवं निघायचं. कधी गालावर वळवलेला अर्धचंद्र, कधी खांद्याजवळ बाहेर वळलेली टोकं. एकीनं केलं की साऱ्या जणी तेच मागायच्या. ते निघतं कुठून, हे कुणी विचारत नसे. एका फॅशनचा उगम मात्र मी स्वतः पाहिला. तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे.

पण त्याआधी आमच्या पार्लरची एक रीत सांगायला हवी. चालू ड्रायरखाली बसलेली बाई म्हणजे भिंत, असं तिथे सगळ्या धरून चालत. तिच्याच शेजारी उभं राहून तिच्याविषयी बोललं तरी चालायचं. तिची लांबलचक मान, तिचा मुलखाचा चिक्कू नवरा, सगळं. ती आपली डोळे मिटून गरम हवा खात असे. आणि स्वतः ती बोलू लागली की दुसरीच गंमत. तिला तिचाच आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे आपण कुजबुजतोय असं समजून ती ओरडायची. "सासूबाईंना सांगू नका हं," असं एकजण इतक्या मोठ्यानं कुजबुजली की बाहेरून जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला.

या रीतीवर सगळ्यांचा भरवसा होता. ताईंचाही.

दर शनिवारी दुपारी एक काळी गाडी खिडकीसमोर उभी राहायची. तिच्यातून एक तरुण बाई उतरायची. तिला आपण धाकटी म्हणू. पहिल्या खेपेला तिचा नवरा दारापर्यंत आला होता. कुठल्याशा मोठ्या ऑफिसातले साहेब. बूट चकचकीत, बोलणं मऊ. इतकं मऊ, की ताईंना दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं.

"हिचे केस उंच करा," साहेब म्हणाले. "जितके होतील तितके. चारचौघांत ही उठून दिसली पाहिजे."

मग ते गाडीत जाऊन बसले आणि पेपर उघडला. पुढे दर शनिवारी हेच. साहेब पेपर वाचत, पण नजर काचेवरच्या सावल्यांवर असे. आधी माझ्या टोपाची सावली, मग उंच केसांची. ती सावली उठून उभी राहिली की ते गाडी सुरू करत. साहेब आवाज कधी चढवत नसत. मोठ्यानं बोलणं त्यांना हलक्या लोकांचं काम वाटे.

एका शनिवारी ताईंनी धाकटीचे डाव्या बाजूचे केस वर उचलले आणि त्यांच्या तोंडातली पिन खाली पडली. कानामागे निळसर डाग होते. ओळीनं, बोटांच्या मापाचे.

"कपाटाचं दार लागलं," धाकटी आरशात बघत म्हणाली.

ताईंनी एक बट मोकळी सोडली, बोटावर वळवून कानावर आणली आणि तिच्यावर स्प्रे मारला. डाग झाकला गेला. बट दिसतही छान होती, हे मला मान्य करावं लागेल.

पुढच्याच आठवड्यात दोघी जणी आल्या. "ताई, त्या शनिवारच्या बाईची कानावर बट असते ना, तश्शी आम्हाला हवी." ताईंनी दिली. मग चौघी आल्या. महिन्याभरात जिच्या तिच्या कानावर ती बट डुलायला लागली. तोवर धाकटीच्या कपाळाला खोक पडली होती. जिन्यावरून पाय घसरला म्हणे. ताईंनी कपाळावर केसांची झालर सोडली. झालरीचीही फॅशन झाली. मग मानेवर काहीतरी उमटलं, आणि साऱ्या बायका मानेवर मोकळे कुरळे केस मागू लागल्या.

बायका हौसेनं आरशात वळून वळून बघायच्या आणि ताई आरशाकडे पाठ करून कंगवे पुसत राहायच्या. मला त्या बटेची भीती वाटायला लागली होती. शनिवार जवळ आला की वाटायचं, आता कोणती नवी फॅशन निघणार.

धाकटी कधी एकटी येत नसे. तिच्यामागून साहेबांची मोठी बहीण उतरायची. लग्न न झालेली, भावाच्याच घरी राहणारी. अंगानं काटकुळी, केस मागे घट्ट बांधलेले, हातात पर्स आवळून धरलेली आणि चेहऱ्याला कुलूप. धाकटी तिला वन्सं म्हणायची, म्हणून आमच्याही त्या वन्संच झाल्या. भावानं पाठवलेला पहारा होता तो, हे सांगायची गरज नव्हती. धाकटी त्यांच्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा विचारून घ्यायची.

वन्संचा डावा कान दुखायचा. सारखा हात कानावर. ताईंनी एकदा, निव्वळ माणुसकी म्हणून, त्यांना माझ्या जुळ्या भावाखाली बसवलं. "गरम हवेनं बरं वाटेल." वन्संना बरं वाटलं असावं, कारण तेव्हापासून त्या दर शनिवारी त्याच्याखाली डोळे मिटून बसू लागल्या. असे आम्ही दोघे भाऊ, एकाखाली धाकटी, दुसऱ्याखाली तिचा पहारा.

आणि मग तो शनिवार आला. धाकटीचा ओठ आतून फाटला होता. ओठावर कुठलीच बट सोडता येत नाही. ताई तिच्यासमोर खाली बसल्या, दोन्ही हातांनी तिचे गुडघे धरले आणि म्हणाल्या, "पुरे झालं. माझी बहीण परगावी शिवणाचा क्लास चालवते. तुला ठेवून घेईल."

मी चालू होतो. धाकटीला अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरलं. ती बोलू लागली. आपल्या समजुतीनं अगदी हळू. बाहेर साहेबांच्या गाडीच्या काचा बंद होत्या, एवढंच नशीब.

"पुढच्या शनिवारी!" ती ओरडली. "वन्सं ड्रायरखाली डोळे मिटून बसल्या की मी केस धुवायला म्हणून मागे जाते! मागच्या दारानं निघते! बस कुठे लागते?"

"गल्लीच्या टोकाला," ताईही ओरडल्या. "मी पोचवते तिथपर्यंत!"

"ताई, तो मला शोधून काढेल! शोधलं तर जिवंत ठेवणार नाही! वन्संना जरासुद्धा कळता कामा नये!"

मला तेव्हा अंगात जास्तीची वीज जाणवली. आधी मी फुशारलो, सवयीनं. मग लक्षात आलं की भाऊ बंद पडला आहे. त्याची तार मधेच कधीतरी जळून गेली होती. माझ्या आवाजात त्याचं गप्प होणं कुणाला कळलं नव्हतं. त्याच्या थंड टोपाखाली वन्सं ताठ बसल्या होत्या. डोळे उघडे होते.

धाकटीचे केस होईपर्यंत त्या तशाच बसल्या. मग उठल्या, पर्स घेतली आणि धाकटीच्या मागोमाग गाडीत जाऊन बसल्या.

गाडी गेल्यावर ताईंनी आवरायला घेतलं. भावाचं बटण बंद करायला गेल्या तर ते चालूच होतं, आणि टोपावर हात ठेवला तर टोप गार. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तिथेच, वन्संच्या खुर्चीत बसल्या.

तो आठवडा कसा गेला ते मी पाहिलं आहे. धाकटीला सावध करायला हवं होतं. ताईंनी साहेबांच्या घरी फोन लावला. पलीकडून वन्संचा आवाज आला, "कोण बोलतंय?" ताईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा वन्संच. फोनजवळच ठाण मांडून बसल्या असाव्यात. तिसऱ्या वेळी ताईंनी ठेवायच्या आत वन्संच म्हणाल्या, "शनिवारी येतोय आम्ही," आणि फोन बंद झाला.

ताईंनी त्या दिवशी एकीच्या डोक्यावर रोलर उलटे लावले. दुसरीचे केस जवळजवळ करपवले, आणि बोल मला लागला.

शनिवारी गाडी आली. साहेबांनी पेपर उघडला. धाकटी आत आली, अंगावर कोट, गळ्यात रुमाल. नेहमीपेक्षा फुगलेली पर्स तिनं छातीशी धरली होती आणि चेहरा असा हसरा ठेवला होता की बघवत नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्यामागून वन्सं आल्या. त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी घातली. ताईंच्या हातातला कंगवा खाली पडला.

वन्सं सरळ माझ्याकडे आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, धाकटीच्या जागेवर बसल्या.

"आज माझे केस कर," त्या ताईंना म्हणाल्या.

"तुमचे?"

"का? मला केस नाहीत?" त्यांनी पिना उपसल्या. करडे केस पाठभर सुटले. "हिचे करतेस तसेच कर. तेवढेच उंच."

धाकटी जागच्या जागी उभी होती. वन्संनी तिच्याकडे पाहिलं. "तू काय बघत बसलीस? केस धुवायला मागे जातात ना? जा मागे. तो रुमाल आणि कोट इथे ठेव."

"वन्सं..."

"सगळं ऐकलंय मी. एका कानानं ऐकलं. दुसरा त्यानंच कधीचा घालवला." त्यांनी डाव्या कानावरचे केस बाजूला केले. ताईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि मान वळवली. "कडेवर खेळवलाय मी त्याला. असा होईल असं वाटलं नव्हतं. जा आता. आणि रडू नकोस, डोळे सुजले की बसमधले लोक चौकशा करतात."

धाकटीनं त्यांचा हात धरला. "तुम्हीपण चला ना."

"दोघी गेलो तर खिडकीत कोण बसेल?" वन्सं म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला.

ताई धाकटीला मागच्या दारानं घेऊन गेल्या. तेवढा वेळ वन्सं नुसत्याच माझ्याखाली बसून होत्या. केस कोरडेच होते, पण काचेवर सावली हवी होती. बाहेर साहेबांनी पेपरचं पान उलटलं. ताई धापा टाकत परत आल्या आणि त्यांनी मान हलवली. बस मिळाली होती.

मग ताईंनी त्यांना खिडकीजवळच आरशासमोर बसवलं आणि केस करायला घेतले. असे केस मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. उलटा कंगवा, गुंतवळ, पुन्हा कंगवा. "अजून उंच," वन्सं म्हणायच्या. "हळूहळू कर. घाई कसली?" ताई थर चढवत गेल्या. बाहेर एकदा हॉर्न वाजला. "अजून," वन्सं म्हणाल्या. धाकटीचा कोट त्यांच्या खांद्यावर होता, तिचा रुमाल गळ्यात. पाठमोऱ्या बसल्या होत्या. ताईंनी मला मुद्दाम चालू ठेवलं होतं, रिकाम्या खुर्चीवर, नेहमीचा आवाज यावा म्हणून. हॉर्न पुन्हा वाजला. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. वन्संना तो ऐकू गेला नाही. ताईंना गेला.

दारावर टकटक झाली. ताई हलल्या नाहीत. टकटक पुन्हा झाली, तितकीच हळू. वन्संनी आरशातून ताईंचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. "उघड," त्या म्हणाल्या. "काच फोडेल, आणि खर्च तुला."

साहेब आत आले. पाटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "अजून झालं नाही का?" असं म्हणत मागून येऊन त्यांनी त्या उंच केसांत बोटं खुपसली. सवयीचा हात होता. केस मुठीत आले, आणि तेव्हा आरशात त्यांना बहिणीचा चेहरा दिसला.

"सावकाश," वन्सं म्हणाल्या. "ताईंची मेहनत आहे."

"ती कुठे आहे, अक्का?" साहेबांनी विचारलं. नेहमीसारखं मऊ.

"काय म्हणालास?"

"ती कुठे आहे?"

"मोठ्यानं बोल रे. मला ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुला."

दार उघडं होतं. रस्त्यावरून माणसं जात होती. साहेबांनी माणसांकडे पाहिलं आणि मूठ सोडली. ते मागे गेले, केस धुवायची जागा पाहिली, अरुंद दार पाहिलं, परत आले. कुठेही घाई नव्हती. ताईंना म्हणाले, "मागच्या दाराला चांगली कडी लावत जा. एकट्या राहता. दिवस बरे नाहीत." मग त्यांनी बहिणीला कोट नीट घालून दिला. "अक्का, छान दिसतेस. चल, घरी जाऊ."

वन्सं गेल्या. तेवढे उंच केस घेऊन गाडीत शिरताना त्यांना मान खाली घालावी लागली.

चार दिवसांनी ताईंच्या बहिणीचा फोन आला. धाकटी पोचली होती. केस धुऊन, सगळी गुंतवळ काढून, साधी वेणी घालून शिवणाच्या मशीनवर बसली होती. ताई फोन ठेवून इतक्या रडल्या की पिना गिळतात की काय अशी मला भीती वाटली.

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा आली. इथून काही धागा लागेल असं साहेबांना वाटलं असावं. वन्सं एकट्याच उतरल्या, डोक्याला रुमाल बांधून. रुमाल सोडला तेव्हा आत केस नव्हते. कुणीतरी कात्रीनं, आडवेतिडवे, कातडीपर्यंत कापले होते.

"आता बट कुठली सोडशील?" वन्सं म्हणाल्या आणि माझ्याखाली येऊन बसल्या. माझा जुळा भाऊ तोवर दुरुस्त झालाच नव्हता.

ताई म्हणाल्या, "मागचं दार उघडं आहे. आत्ता जा. बस तीच आहे."

"नको. मी आहे तोवर तो मलाच विचारत बसेल. मी गेले की तिला शोधायला मोकळा." त्यांनी माझ्या गरम हवेत कान धरला. "रोज विचारतो. मी म्हणते, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. मोठ्यानं बोलला तर शेजारीपाजारी ऐकतात. मग गप्प होतो. दुसरं काही करतो, पण गप्प होतो."

त्यानंतर त्या काही शनिवार आल्या. मग यायच्या थांबल्या. ताई खिडकीशी जाऊन जाऊन रस्ता बघायच्या.

दिवस पालटले. उंच केस पडले. मुली केस सरळ सोडून हिंडू लागल्या, कुणी पोरांसारखे कापू लागल्या. माझ्याखाली बसायला वेळ कुणाला होता? माझ्या भावाला भंगारवाल्यानं नेलं. मी खिडकीजवळ धूळ खात उभा राहिलो. आज मी एका फोटो स्टुडिओत आहे. जुन्या धाटणीचे फोटो काढून घ्यायची हौस आली आहे ना, त्यासाठी. मुली येतात, आजीच्या काळासारखे उंच केस करून घेतात, कानावर बट सोडतात आणि माझ्याखाली बसून गाल फुगवतात. माझी वायर कापलेली आहे. पुढच्या आठवड्यात टोपाचा दिवा करणार आहेत असं कानावर आलंय. कानावर बट आली की मी अजूनही तिच्याखाली काय आहे ते निरखून बघतो. बहुतेकदा तिथे नुसता कान असतो. तेव्हा फार बरं वाटतं.

दिवा होण्यापूर्वी एक शेवटचं सांगायचं आहे. फॅशन बदलल्यानंतरचा, माझ्यावर धूळ बसू लागल्यानंतरचा एक शनिवार. काळी गाडी आली. नवी होती, पण काळीच. साहेबांनी गावभर सांगितलं होतं, पहिली बायको परगावी वारली. गाडीतून एक मुलगी उतरली. कोवळी, हसरी, केस कमरेपर्यंत.

"माझे उंच करायचेत म्हणे," ती ताईंना म्हणाली. "आता कोण करतं असले? पण ह्यांना तेच आवडतात, आणि ते म्हणतात, असले आता तुमच्याकडेच होतात."

ताईंनी माझ्यावरची धूळ पुसली. "घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघंच. म्हणजे वन्सं आहेत, पण वरच्या खोलीत असतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. ह्यांनी सांगितलंय, जवळ जाऊ नकोस, डोकं फिरलंय त्यांचं." मुलगी हसली. "तसं असेलही. काल जेवण द्यायला गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, पार्लरमध्ये गेलीस की ताईंना विचार, गल्लीच्या टोकाची बस अजून सुटते का. मला कुठे जायचंय बसनं?"

ताईंनी तोंडातल्या पिना काढून ठेवल्या. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सुटते," ताई म्हणाल्या. "चल, आधी केस धुऊ. मागचं दार दाखवते."

ती मुलगी पुढे कधी गेली, एकटी गेली की वरच्या खोलीतलं कुणी बरोबर घेऊन, आणि त्या दिवशी खिडकीत उंच केस करून कोण बसलं होतं, ते मी सांगणार नाही. साहेब अजून आहेत की नाहीत मला ठाऊक नाही. असली माणसं पुष्कळ जगतात. तेव्हा तुमच्याकडे हात जोडून मागणं एवढंच. कधी कुणी सभ्य गृहस्थ तुमच्या दारात आले, आणि अगदी मऊ आवाजात विचारू लागले की ती कुठे गेली, तर तुम्ही कानावर हात ठेवा आणि म्हणा, ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला.